टाकीवाल्यांचं नाक

आमचे हे तीस वर्षं वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर होते. पंप चालवायचा, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची, अर्ध्या तासानं चावी सोडायची. सगळे त्यांना टाकीवालेच म्हणत. नाकासमोर चालणारा माणूस, पण त्या पावडरीनं नाकच कामातून गेलं होतं. शेजारी दूध करपून कोळसा झालं तरी हे आपले पेपर वाचत बसायचे. साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून चावी सोडण्याआधी हे ग्लासभर पाणी घरी आणायचे आणि मी हुंगायचे. पावडरीचा वास आला की मी "आहे" म्हणायचे. दहा वर्षं सगळी वस्ती माझ्या नाकाच्या भरवशावर पाणी प्यायली आणि कुणाला पत्ता नव्हता. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही होता.

चक्रीवादळानंतर तीन दिवस वीज नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी मी फ्रिजमधलं मटण, दही, उरलीसुरली भाजी, सगळं परसात खड्डा करून पुरलं. शेजारच्याच घरातली धाकटी जाऊ हळहळली.

"ताई, मटणाला अजून वास नाही गं. पोरीला दोन घास तरी होतील."

"वासाचं मला शिकवू नकोस," मी फटकारलं. पोर तिची, तीन वर्षांची. घरात सगळे तिला चिमणी म्हणत.

दुपारी जनरेटरवर पंप सुरू झाला. विहिरीत पुराचं पाणी शिरलं होतं, म्हणून ह्यांनी पावडर दुप्पट टाकली. कोठीचे पत्रे उडून पावडरीचं पोतं पावसात भिजलं होतं. त्यातली ढेकळं ह्यांनी हातानं फोडून घेतली. ग्लास घेऊन आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लालभडक.

"बघ गं."

मी हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. टाकीपासून आमच्या दारापर्यंत माणसं कॅन घेऊन उभी होती. कुणाकडेही गॅस जेमतेम भातापुरता उरलेला, पाणी उकळणार कशावर? चिमणी आईच्या कडेवर पाणी पाणी करत होती. बाहेर मेलेल्या जनावरांची घाण इतकी सुटली होती की वाटलं, आपलंच नाक भरलंय. आणि हा माणूस मोजमापात कधी चुकलेला नाही.

"आहे," मी म्हटलं.

दोन दिवसांत घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. रस्त्यात झाडं पडलेली, दीर चिमणीला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेला. सलाईन लावायच्या आधीच ती गेली.

मग पाणी तपासायला निरीक्षक आला. नळीतल्या पाण्यात त्यानं औषधाचे थेंब टाकले. पावडरीचा अंश असला की पाणी पिवळं होतं, ते झालंच नाही.

"भिजलेली पावडर म्हणजे नुसता चुना," तो ह्यांना म्हणाला. "तुम्हाला वास नाही आला?"

"नाही आला. मला वासच येत नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दारात उभी होते. ह्यांची नोकरी त्याच दिवशी गेली, येणारा-जाणारा आमच्या दारात थुंकायला लागला, तरी मी गप्पच. इतकी भित्री मी कधीच नव्हते.

दहाव्या दिवशी जाऊ आली. ह्यांचं तोंडही तिला बघायचं नव्हतं, म्हणून हे आतल्या खोलीत गेले. ती माझ्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जणू पोर माझीच गेली होती.

"तुला माहीत होतं ना गं भावजींचं नाक गेलंय ते?" ती म्हणाली. "मग एकदा तरी ते पाणी स्वतः हुंगायचंस."

"हुंगलं होतं," मी म्हटलं. "वास नव्हता. तरी मी आहे म्हणून सांगितलं."

आतून ह्यांचा आवाज आला, "तिचं ऐकू नकोस. डोकं ठिकाणावर नाही तिचं."

जाऊ माझ्याकडे बघत राहिली.

"वास नव्हता," मी परत म्हटलं.

तिनं माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.