बोरिवली टाकलं होतं, मढ दाखवलं

तुमच्या घरातला भरतीची तयारी करणारा मुलगा आत्ता, या क्षणी, कुठल्या मैदानावर आहे आणि त्याला पाणी मिळालंय की नाही... सांगता येईल तुम्हाला?

मलाही आलं नसतं.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजोबा गिरणीच्या संपात पत्रकं वाटायचे, मी अंधश्रद्धेविरुद्ध वाटते. मुलुंडच्या आमच्या खोलीत देव्हाऱ्यापेक्षा हँडबिलांचा गठ्ठा मोठा आहे.

धाकटा भाऊ निलेश आर्मी भरतीसाठी मढच्या एका खासगी अकॅडमीत राहायला गेला होता. भाड्याचा बंगला, मागे सुरूची झाडं आणि वाळू. चालवणारे 'सर' स्वतःला फौजी म्हणवायचे. फोन गेटवरच बंद करून लोखंडी पेटीत ठेवायचे, फक्त रविवारी संध्याकाळी मिळायचे. एका रविवारी निलेश म्हणाला, "ताई, इथे पाणी मागितलं की राऊंड वाढतात. पाठीवर वाळूची पिशवी घेऊन."

"मग सोड ना! ये घरी."

"एकाने सोडलं की अख्ख्या बॅचला शिक्षा. मी नाय सोडणार. आणि आईला बोलू नको, ती रडत बसेल."

आई तर वाडीभर सांगत होती, "माझो झील फौजेत जातलो!" मी गप्प बसले.

पुढच्याच शनिवारी, मे महिन्यातल्या भर दुपारी, बोरिवलीला आमची सभा होती. निलेशचीच बाइक घेऊन निघाले. हँडलला माझा फोन, कानात जीपीएसचा आवाज. मुलुंड-गोरेगाव रस्त्याने हायवेला लागले. तिथून सरळ उत्तरेला जायचं, आंधळाही जाईल.

मालाडला आवाज आला — "डावीकडे वळा."

पुढे ट्रॅफिक असेल म्हणून वळले. पण निळी रेघ पुन्हा हायवेकडे येईचना. मार्वे रोडला एका मेडिकलसमोर थांबून बघितलं. नाव बोरिवलीचंच होतं, रेघ मात्र मढकडे. पुसून पुन्हा टाइप केलं. तेच. फोन बंद करून चालू केला, दुसरं ॲप उघडलं. तेच! चिडून बाइक फिरवली, तर कानात सुरू झालं — "यू-टर्न घ्या... यू-टर्न घ्या..."

भावाची काळजी डोक्यात होतीच, म्हणून मी स्वतःलाच समजावलं — तूच चुकून काहीतरी दाबलंयस. अकॅडमीला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

मी यू-टर्न घेतला.

रेघ थेट अकॅडमीच्या गेटशी आली. तिथे वॉचमन आडवा आला. "ताई, आज भेट नाय. सरांची ऑर्डर हाय."

"सर कुठायत?"

"पोरांना घेऊन रूट मार्चला गेले."

"निलेश पण?"

तो इकडेतिकडे बघू लागला. "तो सकाळपास्नं नाटकं करत होता. सर बोलले, पडू दे. मागं हाय."

"मागे म्हणजे? उन्हात?"

त्याने गेटची कडी धरून ठेवली. कानात मात्र आवाज चालूच होता — "सरळ पुढे जा." गेटच्या पुढे नकाशावर रस्ताच नाही, तरी रेघ होती. त्याला ढकलून मी बंगल्याला वळसा घालून धावले.

वाळूत निलेश कुशीवर पडला होता. पिशवी अजून पाठीला बांधलेली. अंग भट्टीसारखं तापलेलं, पण घाम नाही. हाक मारली तर डोळे उघडले आणि भलतंच बोलायला लागला, "सर, उठतो सर..."

वॉचमननेच मग बादल्या आणल्या, रिक्षा थांबवली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. संध्याकाळी सर आले. "मॅडम, सीमेवर पाणी कोण देणार?"

"सीमेपर्यंत जिवंत तर पोचू द्या!"

शेजारी फौजेतून निवृत्त झालेले हवालदार काका राहतात. हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, ट्रेनिंगला आमचे उस्ताद बाटली भरलेय की नाय ते आधी बघायचे. आणि पडलेल्या गड्याला सोडून पुढे गेलास तर तुझी वाट लागली! हा कसला फौजी?"

निलेश वाचला. आता मैदानात धावतो, बाटली घेऊन.

पण माझी झोप गेलीय. त्याचा फोन पेटीत बंद होता. अकॅडमीचं लोकेशन माझ्या फोनमध्ये कधीच नव्हतं. आणि ॲपमध्ये त्या दिवसाचा प्रवास उघडला की मढ कुठेच दिसत नाही. मुलुंड ते बोरिवली, सरळ रेघ, आणि खाली लिहिलंय... तुम्ही पोहोचलात. बाइकवाल्या मित्रांना विचारलं, मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवलं. फोन नीट आहे म्हणाला.

एकच मागते. ही भुताची गोष्ट म्हणून फॉरवर्ड करू नका. तुमचा मुलगा अशा अकॅडमीत असेल तर आजच, न कळवता, दुपारच्या उन्हात तिथे जा. गेटवर थांबू नका, मागे जाऊन बघा. जीपीएसने सांगायची वाट बघू नका.