डक्टमधून येणारा वास

नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओहोटीला खाडीचा वास येतो. दुपारी डोळा लागता लागता तो आला की पलंग पाण्यावर हलतोय असं वाटतं. खाली तारल्या फिरत असतात, चांदीच्या मासोळ्या. कधी कधी त्या आईच्या खुब्याच्या हाडातून सावकाश ये-जा करतात.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यामागचंही, एका माणसाखेरीज, नाही.

आई खाडीकाठच्या गावातली. गावाची जमीन शहरात गेली, आम्ही टॉवरमध्ये आलो, आणि आईबरोबर तिचं म्हावरं आलं. पापलेट तिला नको असायचं. तारली, बांगडा, अंगात तेल असलेली मासळी हवी. तव्यावर तेलाचा थेंब टाकायची, बस. "म्हावऱ्याला सोताचं तेल हाय," म्हणायची.

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो त्या वर्षी ग्रुपवर मेसेज आला. डक्टमधून मच्छीचा वास येतो, काळजी घ्यावी. नाव नव्हतं, मजला आमचा होता. मी त्याखाली होकाराचा अंगठा टाकला आणि संध्याकाळी आईला म्हणालो, "तुझे रक्ताचे रिपोर्ट दाखवले. डॉक्टरांनी मासे बंद सांगितलेत."

रिपोर्ट कुणाला दाखवलेच नव्हते.

"डाक्तर बोलला म्हंजे बंद," ती म्हणाली. भांडली असती तर मी मोडलो असतो. ती रिफाइंड तेलातल्या बटाट्याच्या काचऱ्या खात राहिली. बाजारात जाणंही थांबलं, कारण ती जायची मासळीसाठीच. अशी तीन वर्षं गेली. मग एका सकाळी बाथरूमच्या उंबऱ्याशी ती पडली. पडली तरी काय, नुसती बसली. खुबा मोडला.

ऑपरेशननंतर डॉक्टर तिला समजावत होते, हाडाच्या आत बारीक जाळी असते, तुमची विरळ झालीये.

"जालं इरलं म्हना की," आई म्हणाली. डॉक्टर हसले. खाण्यात काय असतं, विचारलं. "म्हावरा सोरला. डाक्तरांनीच सांगितला."

"कोणत्या?"

"जुन्या," मी घाईने म्हणालो.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, तेलकट मासळीत ओमेगा-थ्री असतं. हाड झिजवणारी आतली सूज त्याने कमी होत असावी असं दिसतं, अजून पक्कं कुणी सांगत नाही. रिफाइंड तेलातलं ओमेगा वेगळं, ते आपल्या पोटात तसंही भरपूर जातं. "नुसत्या माशावर हाड टिकत नाही. ऊन लागतं, चालणं लागतं, प्रोटीन लागतं. पण बंद केलं कशाला?"

ऊन, चालणं, प्रोटीन. पिशवी घेऊन बाजाराकडे निघालेली आई मला दिसत राहिली.

डॉक्टरांना विचारून मी माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. आईने एक खिडकीच्या उजेडात धरली. मधासारखी पिवळी, आरपार.

"यान काय हाय?"

"माशाचं तेल."

तिने गोळी बोटांत फिरवली. "म्हावऱ्याचा तेल चालतं, मग म्हावरा कसा नाय चालला?"

तेव्हा मी सांगितलं. डक्ट, मेसेज, अंगठा, सगळं. तिने गोळी परत बाटलीत टाकली, झाकण घट्ट लावलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी वॉकर टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली. "तारली आन."

आणली, साफ केली, तव्यावर टाकली. सवयीने मी पुढचं दार लावायला निघालो.

"ऱ्हाऊं दे उघडा."

"आई, लॉबीत वास जाईल."

"जाऊं दे ना. शेक्रेटरी हायस ना तू?"

मी दार सताड उघडलं. तेल चरचरत होतं. खिशात फोन थरथरला. कुणीतरी पुन्हा वासाचं विचारत होतं. मी आमच्या फ्लॅटचा नंबर टाकला आणि लिहिलं, आमच्याकडून येतोय, रोज येईल.

आईने ते वाचलं नाही. मी चूक केली असं मी अजून दोनदा म्हणालो. ती काटे काढत होती, एक एक, ताटाच्या कडेला.