रिबेकाबाईंची माणसं

गेल्या महिन्यात रिबेकाबाईंच्या मुलाचा, डॅनियलचा अलिबागहून फोन आला, "काका, आई गेली."

रिबेकाबाई मूळच्या तिकडच्याच, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. मालवणात आमच्या शेजारी राहून चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. खवले नसलेली मासळी त्यांच्या धर्मात चालत नाही; मालवणात राहून या बाई कोळंबी खात नाहीत याचं मला त्यांच्यापेक्षा जास्त दुःख. वर्षातून एकदा त्या मलिदा करायच्या. गोड पोहे, ओलं खोबरं आणि वर फळं. ती विकत आणायच्या नाहीत, आळीतल्या घराघरांतून हक्काने मागून न्यायच्या.

एका वर्षी दूर कुठे युद्ध पेटलं. आपल्या सरकारने कुणाची बाजू घ्यावी यावरून टीव्हीवर रोज भांडणं. एका वर्तमानपत्राने बाईंच्या घराचा फोटो छापला, वर मथळा, 'मालवणातलं इस्रायली घर'. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पोलीस बसला. बाई फळं मागायला आल्या नाहीत. त्यांना आता आपलं नको असेल, असं समजून आम्हीही गेलो नाही. शेवटी मलिद्याच्या सकाळी मी कुंपणाशी जाऊन शहाणपणाने विचारलं, "बाई, तुमच्या माणसांचा थंय काय होतला?"

"माझी माणसां? आठ दिस झाले, ती माझ्या दारात येवक नाय," त्या म्हणाल्या. "त्येंका काय झाला, ता तूच सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासाभरात मी केळ्यांचा घड घेऊन गेलो, मागोमाग समोरच्या फर्नांडिसबाई चिकू घेऊन. संध्याकाळी पोलिसानेही दोनदा मलिदा मागून घेतला. फार सुखाचा दिवस गेला तो.

अलिबागला दफन आटोपून डॅनियल मालवणात आईच्या घरी सुतक पाळायला आला. ओटीवर खाली बसला होता, सकाळपासून उपाशी. फर्नांडिसबाई पेजेचं भांडं घेऊन आल्या. मी आपला त्याला विचारलं, तुमच्यात काही नियम असेल तर सांग बाबा.

"पहिलं जेवण घरच्यांचं चालत नाही," तो म्हणाला. "ते बाहेरच्यांनी आणायचं असतं."

फर्नांडिसबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मगे माझी पेज चलाची नाय रे," त्या म्हणाल्या. "मी खंय भायली?"