तिसऱ्या कुंडाचं पाणी

पोटाच्या तक्रारी नसलेला माणूस बडोद्यात एखादे वेळी सापडेल, पण आपल्या पोटावर आमच्या आतोबांइतकं प्रेम करणारा माणूस सापडायचा नाही. माझ्या आत्याचे हे यजमान मकरपुऱ्याच्या कारखान्यातून मुदतीआधीच घरी बसले आणि पोट हीच त्यांची नोकरी झाली. कारेलीबागेतल्या घराच्या गॅलरीत बसून ते रोज सकाळी आदल्या दिवशीच्या सेव-उसळीचं पुढे काय झालं, याचा अहवाल आत्याला देत. सगळ्यावर उपाय एकच, गोध्र्याजवळच्या तुवा गावातल्या गरम झऱ्यांचं पाणी. दर महिन्याला पॅसेंजरने जाऊन ते कॅन भरून आणत. हे पाणी प्यालं की दगडही पचतो असं म्हणत आणि पुरावा म्हणून लगेच सेव-उसळ मागवत. बाटलीबंद पाणी तेव्हा नुकतंच दुकानांत दिसू लागलं होतं. लग्नात कुणी ती बाटली पुढे केली, की आतोबा ती उजेडाकडे धरून बघत आणि "यात औषध कुठाय?" असं विचारून परत करत. घोटभर पाणी तोंडात घोळवून, डोळे मिटून ते तुव्याच्या कुठल्या कुंडाचं आहे हेही सांगत. तिसरं कुंड त्यांच्या खास मर्जीतलं. ते खरं की खोटं, हे पडताळायला आमच्यापैकी कुणी कधी तुव्याला गेलं नव्हतं.

एका वर्षी आतोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. दोनदा आणलं. तिसऱ्या खेपेला नेमकी क्रिकेटची मॅच होती. मी घरच्याच नळाचं पाणी भरलं, त्यात थोडं काळं मीठ ढवळलं आणि संध्याकाळी कॅन नेऊन ठेवला. आतोबांनी घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ घोळवला आणि त्यांच्या अर्ध्या गुजराती मराठीत निकाल दिला.

"पहिल्या कुंडाचं दिसतंय. तिसऱ्यावर गर्दी हशे. चालशे, भई."

महिनाभर त्यांचं पोट उत्तम होतं.

हे मी मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. बहिणीच्या साखरपुड्यात भर पंगतीत मी ते रंगवून सांगितलं. सगळे हसले. आतोबाही हसले, पण श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढीला नको म्हणाले. त्यानंतर सकाळचा अहवाल बंद झाला. डॉक्टरांच्या गोळ्या आल्या, सेव-उसळ सुटली. पोट तसंच आहे, आता सांगत नाहीत एवढंच, असं आत्या म्हणाली.

मला राहवेना. तुव्याला गेलो, दोघांना विचारून तिसऱ्या कुंडाची खात्री केली आणि पाणी घेऊन आलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते, "आतोबा, या वेळी खरं आहे."

त्यांनी प्याला घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि न पिताच मला परत दिला. "तूच सांग भई, कुठल्या कुंडाचं ते. मला आता कळत नाही."

मी घोट घेतला. जरा खारट लागलं, यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. आतोबांना जाऊन आता कैक वर्षं झाली. कुठे सेव-उसळीचा वास आला की वाटतं, त्या पंगतीत मी एवढी एक गोष्ट गिळायला हवी होती.