खडीसाखरेची जागा

उस्तानी-माँच्या वर्गात कुणी कधी मार खाल्ला नाही. खडीसाखर तोंडात धरून बसण्याची शिक्षा मात्र आम्ही सगळ्यांनी भोगली. अरबीत ‘ज्वाद’ नावाचं एक अक्षर आहे. ते म्हणताना जिभेचं टोक नाही, तर जिभेची कड वरच्या दाढांना टेकावी लागते. हे आम्हा पोरींना नुसतं सांगून कळत नसे. म्हणून उस्तानी-माँ दाढेच्या आतल्या बाजूला खडीसाखरेचा खडा ठेवायच्या आणि जिभेच्या कडेने तो दाबून धरायला लावायच्या. अक्षर जमलं की खडा चघळायची परवानगी. घसरला तर दुसरा मिळायचा नाही. मला हे अक्षर जमायला फार वेळ लागला, आणि तोवर खडा आपोआप विरघळून जायचा. चव लागायची ती लागायचीच, त्यामुळे मीही कधी घाई केली नाही.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. अब्बांना रेल्वेत कारकुनी मिळाली आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बंगळुरात आलो. राहायला दंडूत, म्हणजे कँटोनमेंटच्या बाजूला, शिवाजीनगरच्या एका गल्लीत. घरात मराठी, गल्लीत दख्खनी उर्दू, दुकानांत तमिळ आणि कन्नड. मुसलमान असून तुम्ही घरात मराठी कशा बोलता, असं शेजारणी आईला विचारायच्या. मग तुम्ही मुसलमान असून भाजीवालीशी तमिळमध्ये कशा भांडता, असं आई त्यांना विचारायची. माझा स्वभाव आईवर गेला आहे.

गल्लीतल्या सगळ्या मुली कुराण वाचायला उस्तानी-माँकडे जायच्या. सुरुवात ‘कायद्या’पासून. कायदा म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक. अब्बांच्या ऑफिसातल्या कायद्याशी त्याचा संबंध नाही, पण धाक तेवढाच. प्रत्येक अक्षराची तोंडात एक ठरलेली जागा असते आणि तिला ‘मखरज’ म्हणतात, हे आम्हाला वाचता येण्याआधी पाठ झालं होतं. घशाचा तळ, घशाचा मध्य, पडजिभेजवळ, टाळू, दाढा, हिरड्या, दात, ओठ. उस्तानी-माँ या यादीवरून आम्हाला असं फिरवायच्या की झोपेतही सांगता यावं. उर्दूत ज्यांचा ‘ज’ सारखाच वाजतो अशी चार अक्षरं त्या चार ठिकाणांहून काढून घ्यायच्या. तिथे माझी मराठी कामाला आली. जीवातला ज वेगळा आणि जमिनीतला ज वेगळा, हे मला आईच्या कडेवरच कळलेलं. “ए मरहटी, तू बोल,” असं त्या म्हणाल्या की मी छाती काढून उभी राहायची. गंमत अशी की कुराण वाचताना ‘काफ’ पडजिभेपाशी काढणारी ही बाई मार्केटात गेली की तोच काफ ‘ख’ करून अस्सल दख्खनीत ‘खीमत क्या है’ विचारायची. मी एकदा ते बोलून दाखवलं. मार्केटात सवाब, म्हणजे पुण्य, मिळत नाही, असं त्यांनी मला ऐकवलं.

मॅट्रिक झाल्यावर पुढे कशाला शिकायचं, हा प्रश्न नातेवाइकांना पडला. अब्बांना पडला नाही. कॉलेज झालं आणि मला सिटीच्या बाजूला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकाऊ शिक्षिकेची नोकरी लागली. शाळेच्या मोठ्या बाई कन्नड होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. तिथली मुलं खरं तर मुकी नव्हतीच. ती ऐकू शकत नव्हती, म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं. अक्का आणि त्यांच्या बाया त्यांना आरशासमोर बसवून, गळ्यावर हात ठेवायला लावून, हातावर फुंकर घालून एकेक आवाज शिकवत.

पहिल्याच आठवड्यात अक्कांनी आम्हा नव्या मुलींसमोर अर्ध्यात कापलेल्या डोक्याचं मातीचं मॉडेल ठेवलं. जीभ, टाळू, पडजीभ, सगळं रंगवलेलं. कुठला आवाज कुठून निघतो ते कुणी सांगू शकेल का, असं त्यांनी विचारलं. मला हसूच आलं. मी उठले आणि घशाच्या तळापासून ओठांपर्यंत एका दमात सांगत गेले. बाकीच्या मुली माझ्याकडे बघत राहिल्या. कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलीस, असं अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या गल्लीत. अक्का इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं आणि स्वतः लिहून घेतलं. त्या दिवशी बसमधून घरी येताना मला सगळ्या बंगळुराला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर आईने सांगितलं, उस्तानी-माँनी वर्ग बंद केला.

कारण त्यांची नात. मुलाची मुलगी, जन्मापासून ऐकू न येणारी. मुलाचं लोखंडी ट्रंका बनवायचं दुकान होतं, दिवसभर ठोकाठोक चाले आणि ही पोर त्या ठोकाठोकीत शांत झोपायची, त्यावरूनच घरात ते कळलं. आमच्यात मूल चार वर्षांचं झालं की त्याची ‘बिस्मिल्ला’ करतात. नवे कपडे घालून मूल उस्तादांसमोर बसतं, त्यांच्यामागून बिस्मिल्ला म्हणतं, मिठाई वाटतात आणि तिथून त्याचं शिक्षण सुरू होतं. गल्लीतल्या प्रत्येक मुलाची बिस्मिल्ला उस्तानी-माँनी केली होती. नातीची मात्र झाली नव्हती, आणि तिच्या वयाच्या मुली तोवर अर्धं कुराण वाचून मोकळ्या झाल्या होत्या.

उस्तानी-माँनी दार लावून तिला स्वतः शिकवून पाहिलं होतं, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. त्या बिस्मिल्ला म्हणायच्या, मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि तिच्या गळ्यातून नुसता एक जाड ‘आ’ निघायचा. खडीसाखरही झाली. पोर ती खाऊन टाकायची आणि हसायची. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी मायेनेच निरोप धाडला, की अशा मुलीला सगळं माफ आहे, तिने नमाज नुसत्या मनाने पढली तरी चालते, आपण जिवाला लावून घेऊ नये. उस्तानी-माँनी उलट निरोप पाठवला. तो गल्लीत सगळ्यांना पाठ झाला.

“माफी नमाज की है. इल्म की माफी कौन दिया?”

इल्म म्हणजे विद्या, तिची माफी कुणालाच नाही. आणि मग त्यांनी गल्लीला सांगून टाकलं, की आपल्या घरातल्या मुलीला बिस्मिल्ला येत नाही, तोवर आपण दुसऱ्यांच्या मुलींना शिकवणार नाही. बायकांनी विनवण्या केल्या. उस्तानी-माँनी रेहल, म्हणजे कुराण ठेवायच्या घडीच्या लाकडी चौकटी, एकावर एक रचून कपड्यात बांधून ठेवल्या.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. मुलीला आमच्या शाळेत पाठवा, म्हटलं. उस्तानी-माँचा मुलगा आधीच नाही म्हणून बसला होता. पोर सिटीत बसने जाणार, लोक बघणार, हातवारे करणार, हे त्याला सहन होत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला इतकं जपलं होतं की तिला गल्लीचं टोकसुद्धा माहीत नव्हतं. उस्तानी-माँनी मात्र माझ्यावरच डोळे वटारले. जे आपल्याला जमलं नाही ते तू शिकवणार का, असं त्यांनी विचारलं. लहानपणी हे ऐकून मी पळाले असते. आता मी कमावती झाले होते आणि नाकावर राग होताच.

“आपकीच खडीसाखर से सिखाऊंगी,” मी म्हटलं. “आप जगह जानते. हमारे पास आइना है.”

त्या मग मुलाकडे वळून म्हणाल्या, की सोमवारी हिला शाळेत घेऊन जायचं. मुलाने मान खाली घातली आणि सोमवारी स्वतः सायकलवर बसवून तिला घेऊन आला.

आता अक्कांची परवानगी हवी होती. शाळेत फक्त कन्नड शिकवत, कारण दोन भाषांत मुलं गोंधळतात असा नियम होता, आणि मला तर अरबी शब्द शिकवायचा होता. मी रात्रभर भांडणाची तयारी केली. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या शब्दात कुठले कुठले आवाज आहेत एवढंच विचारलं. मी सांगितले. ब, स, म, ल. त्या म्हणाल्या, सरी, म्हणजे बरं, ओठांना कुठली भाषा असते? फक्त स लवकर धरू नकोस, तो दिसत नाही, स्वल्प थांब. माझं ठेवणीतलं भांडण तसंच वाया गेलं आणि मला त्याचा जरा रागही आला.

ल सगळ्यात आधी आला. वरच्या दातांमागे हिरडीवर खडा ठेवायचा, जिभेच्या टोकाने तो धरायचा आणि गळ्यातून आवाज सोडायचा. आरशात तिला स्वतःची जीभ दिसत होती. घरी बंद दारामागे तिने कधी आपली जीभ पाहिलीच नव्हती. ‘ला’ आला तेव्हा तिने स्वतःच्या गळ्यावरचा हात काढला, माझ्या गळ्यावर ठेवला आणि मलाही म्हणायला लावलं.

ब आणि म यांनी मात्र आम्हाला रडवलं. आरशात दोन्ही सारखेच दिसतात, नुसते ओठ मिटतात आणि उघडतात. महिनोन्‌महिने ती ‘मिमिल्ला’ म्हणायची. शेवटी मी तिचं बोट माझ्या नाकाला लावलं. म म्हटलं की नाक थरथरतं, ब म्हटलं की नाही. तिला हे इतकं आवडलं की ती शाळेत दिसेल त्याचं नाक धरत सुटली, अक्कांचंही. मधेच एक दिवस तिने स्वतःच्या आईचा पदर ओढून ‘अम्मा’ म्हटलं. शाळेत ते कन्नड ठरलं आणि घरी दख्खनी. सून धावत आमच्या घरी सांगायला आली आणि बराच वेळ माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली.

स सगळ्यात शेवटी. तो ना दिसतो, ना गळ्यात थरथरतो. त्यासाठी बोट ओलं करून ओठांसमोर धरायचं. नीट स आला तर बोटाला गार लागतं. हे तिला जमेपर्यंत मोसम बदलला.

मग उस्तानी-माँनी दिवस ठरवला. शुक्रवारी, असरच्या म्हणजे दुपार उतरल्यावरच्या नमाजेनंतर. मुलीला हिरवा कुर्ता शिवला, गल्लीतल्या बायकांनी घर भरलं, आई आणि मीही गेलो. आवतण नसताना अक्काही आल्या आणि दारापाशी चपला काढून चटईच्या कडेला बसल्या. उस्तानी-माँचे ओठ मुलीला नीट दिसावेत म्हणून मी दोघींना दाराच्या उजेडात आणलं. उस्तानी-माँनी एकदाच, सावकाश, बिस्मिल्ला म्हटलं.

मुलगी म्हणाली, “बिमिल्ला.”

बायकांनी ‘माशाल्ला’चा गजर केला. सून रडायलाच लागली. ट्रंकावाला मुलगा बाहेर उभा होता, त्याने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. उस्तानी-माँनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“सीन किधर है?”

मला त्यांचा असा संताप आला, की या बाईला दगडाचं काळीज आहे असं वाटलं. एवढ्या मेहनतीनंतर, एवढ्या लोकांसमोर, एका सीनसाठी, एका स साठी? मी मुलीला खूण करायला पुढे सरकले. अक्कांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. मुलीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती उस्तानी-माँकडे बघत होती, आणि उस्तानी-माँ तिच्याकडे अगदी तशाच बघत होत्या जशा ज्वाद चुकल्यावर माझ्याकडे बघायच्या. तिला काही माफ नव्हतं. तेव्हा मला कळलं आणि माझे डोळे भरले.

मुलीने बोट चाटून ओलं केलं, ओठांसमोर धरलं आणि म्हणाली, “बिस्‌-मिल्‌-ला.” आवाज घोगरा होता, जड होता. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी होतं.

उस्तानी-माँनी डबीतून खडीसाखरेचा मोठा खडा काढला आणि तिच्या तोंडात न ठेवता तिच्या हातावर ठेवला. मग कायदा उघडून पहिल्या अक्षरावर बोट टेकलं.

“हौ,” त्या म्हणाल्या. “अब अलिफ.”

पुढच्या सोमवारी गल्लीतल्या मुली परत आल्या. मी संध्याकाळी डोकावले तेव्हा रेहलांची गाठोडी सुटली होती आणि ती पोर पहिल्या ओळीत बसली होती. उस्तानी-माँची गादी कितीतरी वर्षं आतल्या भिंतीला लागून असायची, तिथे तिचा डाग पडला होता. ती गादी त्यांनी स्वतः ओढून दारासमोर आणली होती, आणि त्या उजेडाकडे तोंड करून शिकवत होत्या.