जुमादिल बाइकेंचा हँडब्रेक

ताश-कुमीर गावात आमच्या गल्लीइतकी उभी गल्ली दुसरी नाही. वर येताना बाया दोनदा टेकतात, आणि कुणाच्या पिशवीतून बटाटा निसटला तर तो थेट नदीकाठच्या रस्त्यावर जाऊन थांबतो. या गल्लीच्या अगदी टोकाला जुमादिल बाइके, म्हणजे आमच्या भाषेत जुमादिलदादा, राहतात आणि त्यांच्या दारात त्यांची जुनी पांढरी झिगुली गाडी उभी असते. उभी असते म्हणजे, मागच्या चाकाला दगड लावलेला असतो म्हणून उभी असते.

बाइके जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर. शिकवायचे काय, तर चढावर गाडी कशी थांबवायची आणि मागे न घसरू देता पुन्हा कशी काढायची. गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांनी हँडब्रेकवरून त्यांच्या शिव्या खाल्ल्यात. आणि त्यांचा स्वतःचा हँडब्रेक? लिव्हर ओढून ओढून खांद्याला आला तरी गाडी आपली सावकाश मागे निघायची. मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून थांबली होती बया.

आता यात मोठं काय आहे? केबल जुनी झाली की ताणते, सैल पडते. गाडीखाली आडवं व्हायचं, केबलच्या टोकाचा नट थोडा पिळायचा, त्याच्या पाठीमागचा नट आवळून टाकायचा. लिव्हर चौथ्या-पाचव्या खटक्याला घट्ट धरायला लागला की काम झालं. चहा उकळेपर्यंत उरकेल असं काम. हे मला कसं ठाऊक? बाइकेंनीच अख्ख्या गल्लीला हजारदा सांगितलंय. सांगितलंय हो, केलं मात्र नव्हतं. केलं असतं तर केबल सैल आहे हे कबूल करावं लागलं असतं ना!

"ब्रेक एकदम फर्स्टक्लास आहे," ते म्हणायचे. "उतार चुकलाय गल्लीचा. ज्याने रस्ता आखला त्याला जाऊन विचारा."

"मग गिअरमध्ये ठेवा की," कुणीतरी म्हणायचं.

"गिअर दमतो."

माणूस दमला तर चालतो यांना. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी गाडी धुवायची. सीटवरचं प्लास्टिक फाडायचं नाही, त्यावर सतरंजी, सतरंजीवर चादर. उन्हाळ्यात त्या गाडीत बसलं की माणूस अर्धा शिजून उतरतो. पण तक्रार केली तर म्हणतात, "उतरा आणि चालत जा." आणि मागच्या काचेला झालर लावलेला पडदा! अहो, आमच्या नव्या सुनांच्या खोलीला नसतो असा पडदा.

या सगळ्यात मरण कुणाचं, तर झूरा एजेचं, म्हणजे झूराताईचं. त्यांची बायको. तिच्या मांडीवर कायम एक दगड. नदीतला, एका बाजूने चपटा, फडक्यात गुंडाळलेला. गाडी थांबली रे थांबली की बाइके पायाचा ब्रेक दाबून धरणार आणि एजे दार उघडून धावत मागे जाणार, चाकाला दगड लावणार, मग हात झटकून डोक्याचा रुमाल नीट करणार. लग्नाला जा, मयतीला जा, आधी दगड उतरणार, मग एजे. तरुणपणी तिला त्याची गंमत वाटायची म्हणे. मला नाही वाटत वाटली असेल.

तिची एकुलती एक मुलगी कानिशाय. ती दिली टोकतोगुलच्या तलावापलीकडच्या एका गावात. लग्नानंतर पहिल्यांदा व्याह्यांकडे गेलो तेव्हा मी होते बरोबर. दारात सगळी बाईमाणसं उभी, हातात साखर नि मिठाई उधळायला घेतलेली. गाडी चढावर थांबली. एजे रेशमी झग्यात दगड घेऊन उतरली आणि पळाली मागे. कानिशाय आईला मिठी मारायला पुढे आलेली, तिच्या हाताला लागली एजेची पाठ. तेव्हा कानिशायची सासू, नाव सालतनात, जिभेवर मध आणि मधात मधमाशी, म्हणाली, "अगंबाई विहीणबाई, आमच्याकडे दगड नाहीत असं वाटलं का तुम्हाला? घरून आणलात!"

सगळ्या हसल्या. एजेही हसली. परतीच्या वाटेवर ती दगडाचं फडकं सोडत आणि पुन्हा गुंडाळत राहिली. पुढे कानिशायनेच फोनवर सांगितलं, की तिथे तिला 'दगडवालीची पोर' म्हणतात. प्रेमाने म्हणतात म्हणे. अशा प्रेमाला लागली आग!

यंदा वसंतात कानिशायला मुलगा झाला. आमच्यात पहिला पाळणा आजोळहून जायचा. बाइकेंनी लाकडी पाळणा आणला, एजेने त्याची गादी शिवली, पट्टे विणले. सगळी तयारी झाल्यावर एजेने तो दगड उचलला, अंगणाच्या भिंतीबाहेर नाल्यात फेकला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, ऐका. मी नातवाला दोन्ही हातांनी घेणार आहे. गाडीतून उतरल्या उतरल्या. माझ्या मांडीवर यापुढे दगड येणार नाही. हँडब्रेक नीट करा, नाहीतर पाळणा घेऊन तुम्ही एकटे जा, आणि विचारलं तर सांगा की बायको चाकाखाली गेली."

बाइके हबकले. माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मी पण नाही धरणार दगड."

दुसऱ्या दिवशी नळापाशी जिथे जरा सपाटी आहे तिथे गाडी आणली. मागची बाजू जॅकवर चढवली, खाली ठोकळे लावले, बाइके पाना घेऊन खाली शिरले. आणि खरं सांगते, काम त्यांनी छान केलं. नट पिळला, बाहेर येऊन लिव्हर ओढला, पाचव्या खटक्याला चाक जागच्या जागी. लिव्हर सोडला, हाताने चाक फिरवलं, गरागरा फिरलं. झालं होतं! तिथेच पाना धुऊन ठेवायचा होता.

पण आमच्या गल्लीत गाडीचं पुढचं झाकण उघडलं किंवा माणसाचे पाय गाडीखालून बाहेर दिसले, की पुरुष जमतात. पहिला आला जापार, बसवाला. बाइकेंपेक्षा वर्षाने मोठा. "पाचवा खटका? छे! चौथ्यावर धरायला हवा. सरक." गेला खाली, नट पिळून आला. मग जापारच्या शेजारचे, जापारहून मोठे. "अजून थोडं. ताणेल ती परत." तेही पिळून आले. आमच्याकडे मटण वाटायचं तर वयाने आणि नट पिळायचा तोही वयाने. मोठ्या माणसाला 'नको' म्हणायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. ज्या मास्तरांनी हजार ड्रायव्हरांवर आवाज चढवला, ते बाजूला उभे राहून "हो, बरोबर आहे, बाइके" करत होते.

शेवटी आले मोल्दोकुल-अता. गल्लीतले सगळ्यात वडील. जन्म गेला घोड्यांत. गाडीत बसले तरी अजून दार कसं उघडायचं विचारतात. त्यांनी सगळा प्रकार ऐकून घेतला आणि म्हणाले, "दावं असं बांधावं की घोड्याला मानही हलवता येऊ नये. पिळा."

"अता, आता पुरे झालंय—" बाइके पुटपुटले.

"काय म्हणालास?"

"काही नाही, अता. पिळतो."

दोन फेरे आणखी पिळले. मग अतांनी दोन्ही तळहात वर केले आणि मोठ्याने आशीर्वाद दिला, की या गाडीचा प्रवास सुखाचा होवो, हिचं चाक जिथे थांबेल तिथे भरभराट होवो. ओमीन! सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. संपलं! वडीलधाऱ्याचा आशीर्वाद बसलेल्या नटाला आता पाना लावायची कुणाची टाप होती? लोक पांगल्यावर बाइकेंनी चाक हाताने फिरवून पाहिलं. लिव्हर सोडलेला होता, तरी चाक जेमतेम हललं.

"बसेल हळूहळू," ते मला म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

निघालो. टपावर पाळणा बांधलेला, पुढे एजे नव्या पांढऱ्या रुमालात, हात मांडीवर मोकळे, कुठे ठेवावेत हे न कळून एकमेकांत गुंफलेले. मागे मी आणि पावांची टोपली. नदीकाठचा रस्ता लागला आणि गाडी कण्हायला लागली. आम्हाला ट्रॅक्टर मागे टाकून गेला. थोड्या वेळाने जळका वास यायला लागला.

"काहीतरी जळतंय," एजे म्हणाली.

"रस्त्याकडेला कुणी मक्याची कणसं भाजत असेल."

"वसंतात?"

तेवढ्यात एक ट्रक शेजारून गेला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाइके, हँडब्रेक काढा!" बाइकेंचे कान लालबुंद. पुढे दुसरा ओरडला, तिसऱ्याने तर गाडी हळू करून शिकवायला सुरुवात केली. "काका, मधला दांडा असतो ना, तो खाली—" आणि तो बाइकेंचाच जुना विद्यार्थी निघाला! एजे खिडकीकडे तोंड करून हसत होती. खांदे हलत होते नुसते. मला तर टोपलीत तोंड घालावं लागलं. दर घाटानंतर थांबून बाइके म्हणायचे, "इंजिनाला जरा विश्रांती." विश्रांती चाकांना चालली होती, त्यांच्यातून धूर येत होता.

पण व्याह्यांच्या दारातला चढ आला, बाइकेंनी लिव्हर पहिल्या खटक्यापर्यंत उचलला आणि गाडी जी थांबली! जमिनीतून उगवल्यासारखी. दारात बायका, मिठाई, साखर, सगळं तसंच. एजेने दार उघडलं आणि सावकाश उतरली. घाई नाही, धावपळ नाही. सालतनात तिच्या हातांकडे बघत होती.

"विहीणबाई, यंदा रिकाम्या हाताने?"

"रिकामेच हवे होते," एजे म्हणाली. "नातू घ्यायचाय."

आणि कानिशायने बाळ तिच्या हातांत दिलं. साखर उधळली गेली, एजेच्या रुमालावर पडली, बाळाच्या दुपट्यावर पडली. एजेला कसलं भान! मला रडू आलं, सांगते खरं.

रीतीप्रमाणे मुलीच्या सासरी आईने एक रात्र राहायचं. जेवायचं, मानाचं वस्त्र घ्यायचं, सकाळी चहा घेऊन निघायचं. जास्त राहिलं की लोक बोलतात, पोरीला ऐकावं लागतं. त्या रात्री एजेने बाळाला जमिनीवर टेकू दिलं नाही. सालतनात दोनदा म्हणाली, "झोपवा आता पाळण्यात, तेवढ्यासाठीच तर आणलात," पण एजेला ऐकू गेलं नाही.

सकाळी मी पाणी आणायला बाहेर आले तर बाइकेंचे पाय गाडीखालून बाहेर. अंगात मानाचा नवा झगा, तसाच धुळीत. पान्याचा आवाज येत होता. मला पाहून बाहेर आले, गालाला ग्रीस.

"दिल्दे, गल्लीत बोलू नकोस. अतांना तर मुळीच नाही."

"आशीर्वाद मोडलात?"

"आशीर्वाद शाबूत आहे. नट सैल केलाय."

त्यांनी चाक फिरवून दाखवलं. लिव्हर ओढून दाखवला, पाचव्या खटक्याला घट्ट. सोडला, मोकळा. चेहरा तर असा खुलला होता, की जणू त्यांनीच हँडब्रेकचा शोध लावला.

निघायची वेळ झाली. सगळं घर दारात. व्याह्यांनी आशीर्वाद दिला, हात तोंडावरून फिरले. एजेने बाळाला कानिशायकडे दिलं. सासूसमोर कानिशाय काय बोलणार? नुसती बाळाचं दुपटं नीट करत राहिली, नीट असलेलं. एजे येऊन बसली. बाइकेंनी इंजिन सुरू केलं, ब्रेक काढायला लिव्हरला हात घातला, तर त्यावर एजेचा हात. तिने तो वर धरून ठेवला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"हा निघत नाहीये," एजे समोर बघत म्हणाली.

"निघतोय की! आत्ताच मी..."

"नाही निघत."

बाइकेंनी तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून कानिशायकडे. ज्या माणसाने उताराला दोष दिला, गिअरला दिला, नसलेल्या कणसांना दिला, पण गाडीला कधी दिला नाही, त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि भरल्या दारात, सगळ्या व्याह्यांसमोर म्हणाला, "गाडी बिघडलीय. मला जमत नाहीये. आज निघणं होत नाही."

व्याह्यांकडचे चार पुरुष लगेच बाह्या सरसावून पुढे आले. एकाने पानासुद्धा आणला. बाइके गाडीच्या दारात आडवे उभे राहिले आणि मास्तरांच्या आवाजात ओरडले, "खबरदार कुणी हात लावला तर! हे काम एका दिवसाचं नाही!"