क्लबाची विश्रांती

माझे बाबा मुंबईतल्या एका यॉट क्लबात होड्यांची देखभाल करत. त्यांच्याआधी आजोबा तेच करत. महाडच्या कॉलेजात मैत्रिणी विचारतात, कुडपणच्या डोंगरातल्या माणसांचा समुद्राशी काय संबंध? संबंध पावसाचा आहे. पावसाळ्यात शिडाच्या होड्या काठावर ओढून ठेवतात आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे भाताची लावणी असते. पावसाचे चार महिने पगार न मागणारी माणसं क्लबाला हवी होती. ती आमच्या डोंगरात मिळाली.

यंदा बाबा निवृत्त झाले. निरोपाला आम्हालाही बोलावलं होतं. आई पोलादपूरहून एसटीत बसली ती एकाच आशेने. बाबांनी तिला लग्नानंतर शब्द दिला होता, एकदा होडीतून फिरवीन म्हणून.

हॉलच्या भिंतीवर क्लबाचा इतिहास लावला होता. गोऱ्या साहेबांनी क्लब कसा काढला, आपले लोक सभासद कसे झाले, कुठल्या होडीने कुठली शर्यत जिंकली. शेवटी लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात क्लब विश्रांती घेतो.’ मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. त्या विश्रांतीत आजोबा गुडघाभर चिखलात असायचे.

बाबांनी सेक्रेटरींना हात जोडून विचारलं, “साहेब, मंडळीला जरा होडीत बसवू का?”

“विमा फक्त सभासदांचा आणि त्यांच्या पाहुण्यांचा असतो. नियम आहे.”

तेवढ्यात धक्क्यावर एक सभासद कुत्रा घेऊन आले. कुत्र्याच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. बाबा धावले, त्यांनीच तो कुत्रा उचलून होडीत ठेवला.

“अवो,” आई हसून म्हणाली, “मी त्याची पावणी म्हनून बसते. मग चालंल?”

“गप. साहेब ऐकतील.”

मुलगी कॉलेजात शिकते म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आभाराचं भाषण पाठ केलं होतं. उभी राहिले. “आईला एकदा होडीत बसायचं आहे,” एवढंच बाहेर आलं.

लोक गोड हसले. टाळ्याही वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, “नक्की! पावसाळ्यानंतर या.”

निघताना गेटवर बाबांचा आत यायचा पास काढून घेतला.

एसटीत बाबांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, “माझी पार शोभा केलीस गो.”

“मी खोटं बोलले का?”

“खोटं नाय. पन तिथं बोलायचं नस्तं.”

त्या साहेबांचा राग आला होताच. पण त्या क्षणी बाबांचा जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्या ढकलणाऱ्या माणसाला बायकोसाठी एकदाही आवाज चढवता येऊ नये?

क्लबाने भेट म्हणून होडीची तसबीर दिली आहे. पांढरं शीड, निळं पाणी, होडीत कुणीच नाही. ती भिंतीला लावायला बाबा कालपासून खिळा शोधत आहेत. खिळे मी लपवून ठेवलेत. आईने पाहिलं आहे. तीही बाबांबरोबर खिळा शोधते आहे.